मन्मथप्पांचं दुष्टमंडळ

नवा माणूस भेटला की आपल्याकडं आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग अमक्याचे तुम्ही कोण ते. मन्मथप्पांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, तुमी कशात पडल्या?"

मी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. त्या सकाळी मी माझ्या पहिल्या डायलिसिसला बसले होते. किडन्या गेल्या की अंगातलं पाणी आणि रक्तातली घाण मशीननं काढावी लागते. एका नळीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत आत, एका वेळी चार तास, आठवड्यातून तीनदा, जीव आहे तोवर. हे सगळं मला कळून दोन दिवस झाले होते. गळ्याच्या शिरेत नळ्या घातलेल्या होत्या आणि मी तोंडावर पदर घेऊन रडत होते. पदर काढून बघितलं तर शेजारच्या खुर्चीत सत्तरीचा काटकुळा म्हातारा. कपाळाला इभूत, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, धोतर गुडघ्यापर्यंत वर, आणि डाव्या हाताला दोन लाल नळ्या.

"कशातच नाही पडले," मी म्हणाले. माझी जीभ आधीच तिखट, त्यात तो दिवस.

"असं नसतंय," ते म्हणाले. "अहमदपूरच्या स्टँडवर तीस वर्षं माझं कॉमिकचं दुकान व्हतं. सगळे वाचलेत म्या. त्यातला एकबी दुष्ट जन्मापासून दुष्ट न्हाई. कुणी तेजाबाच्या टाकीत पडलाय, कुणाच्या अंगावर कारखाना फुटलाय. मग त्याच्या अंगातून नळ्या निघतात, हाताला करंट येतो, चेहरा काळा पडतो. आता मला बगा अन् तुमाला बगा. मी साखरंत पडलो. तो पलीकडचा रऊफ, ऑटो चालवून कंबर दुखायची म्हणून बारा वर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या, तो गोळ्यांत पडला. तुमी?"

"बीपी," मी म्हणाले.

"रऊफ, भरती झाली रे," आप्पांनी हाक दिली. पलीकडून रऊफभाईंनी झोपल्या झोपल्या मोकळा हात वर केला. माझं रडणं थांबलं होतं. राग आला होता म्हणून थांबलं, पण थांबलं हे खरं.

आमची पहिली पाळी होती, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. खिडकीकडच्या तीन खुर्च्या आमच्या. त्या तीन खुर्च्यांना आप्पांनी दुष्टमंडळ नाव ठेवलेलं होतं. मी यायच्या आधी तिसऱ्या खुर्चीत एक भोकरचे गृहस्थ होते. ते वारले आणि जागा मला मिळाली. डायलिसिसच्या वॉर्डात जागा अशीच मिळते, हे मला नंतर कळलं.

रऊफभाईंचं नाव होतं करंट. हाताची शीर ऑपरेशन करून जोडलेली असते, तिथं बोट ठेवलं की आत सारखी घरघर लागते. रऊफभाईंची घरघर सगळ्यात जोरात, म्हणून करंट. माझ्या जिभेमुळं मी कैची. आप्पांनी स्वतःला मात्र नाव घेतलं नव्हतं. "प्रत्येक टोळीत एक म्हातारा असतो, टेबलाच्या कोपऱ्यावर बसल्याला," ते सांगायचे. "त्याच्याकडं ताकद नसती, नुसतं डोकं असतं. त्याला शेवटपर्यंत कुणी मारत न्हाई, कारण तो कुणाच्या ध्यानातच नसतो. तो मी."

आणि हिरो म्हणजे माधव. माधव आमचा टेक्निशियन, मुखेडकडचा, तिशीतला, लग्न ठरत नव्हतं म्हणून आईच्या रोज शिव्या खाणारा. पहाटे येऊन मशीन धुवायचा, सुया टोचायचा, पायात गोळे आले की स्वतः पाय दाबत बसायचा. निळा ड्रेस, तोंडाला मास्क. बाहेर कुणाला ओळखूसुद्धा आला नसता. आप्पा म्हणायचे, "हिरोचं असंच असतंय. तोंड झाकून येतो, जीव वाचवतो, अन् वरतून बोलून जातो. आपल्याला वाचवलेलं चालतं, पण बोललेलं सहन होत न्हाई."

माधव बोलायचा ते पाण्यावरून. लघवी बंद झालेल्या माणसानं पाणी प्यायलं की ते अंगातच साचतं. म्हणून दिवसाला अर्धा लिटर. त्यात चहा आला, वरणातलं पाणी आलं, गोळ्या गिळायचं पाणी आलं. नांदेडच्या मे महिन्यात अर्धा लिटर म्हणजे काय हे ज्यानं काढलंय त्यालाच माहीत. जीभ टाळूला चिकटते, थुंकी गिळता येत नाही, नळाचा आवाज आला तरी मान तिकडं वळते. मी एकदा ऑफिसात कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शिपायावर ओरडले होते, आणि का ओरडले ते सांगता आलं नव्हतं.

आप्पांची एक खोड होती. बाहेरून कुणी वॉर्डात आलं की विचारायचे, "पाणी पिऊन आलात का?" झाडूवाल्या मावशी असोत की मोठे डॉक्टर. हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "माठातलं का फ्रिजचं? वाळा टाकला व्हता का? एका दमात पिले की थांबून थांबून?" समोरच्यानं सांगेपर्यंत सोडायचे नाहीत. मावशी बिचाऱ्या रंगवून सांगायच्या. "माठ नवा हाय आप्पा, मातीचा वास येऊन राहिलाय." आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरं वाटलं." मला आधी हा चावटपणा वाटायचा. सहा महिन्यांनी मीही कान देऊन ऐकायला लागले.

कॉमिकच्या दुकानाची गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल. दुकान म्हणजे स्टँडच्या भिंतीला लावलेली एक फळी, वर पत्रा. लातूरची गाडी, नांदेडची गाडी, उदगीरची गाडी. गाडी येईपर्यंत तिथंच बाकड्यावर बसून वाचायचं, गाडी लागली की पुस्तक परत. पण गाडी ऐन रंगात यायची. मग लोक काय करायचे, शेवटचं पान फाडून खिशात घालायचे आणि पळायचे. "पुस्तक चोरलं न्हाई कुणी कधी," आप्पा सांगायचे. "लोक इमानदार. नुसतं शेवटचं पान न्यायचे."

त्यामुळं दुकानातल्या निम्म्या पुस्तकांना शेवट नव्हता. दुसरा वाचणारा तिथपर्यंत आला की विचारायचा, आप्पा, पुढं काय झालं? आप्पा सांगायचे. आणि आप्पांच्या शेवटात कायम दुष्टच जिंकायचे. सगळे दुष्ट एक झाले, हिरोला बांधलं, शहर घेतलं, संपलं. एका कंडक्टरनं म्हणे पुढं नांदेडला तेच पुस्तक अख्खं वाचलं आणि परत येऊन भांडला, "तुमी खोटं सांगता, हिरोच जिंकला की." आप्पा म्हणाले, "त्या पुस्तकात जिंकला. माझ्यात न्हाई."

"पण असं का सांगायचात?" मी विचारलं.

"कारण हिरो एकटा येतो अन् एकटा जातो. त्याला कुणाची गरज न्हाई. दुष्टाला बैठक घ्यावी लागती, चार जणांचं ऐकून घ्यावं लागतं. कोण एकत्र येतंय बाई? ज्यानं एकट्यानं मार खाल्लेला असतो तोच. अशांनी एकदा तरी जिंकायला पाहिजे का न्हाई?"

"मग हरतात कसे?"

"शेवटी कुणीतरी तोंड उघडतं. सगळा डाव हिरोला सांगून बसतं. काय गरज असती? पण राहवत न्हाई." मग बोट वर करून म्हणायचे, "आपल्यातलं हिरोला सांगायचं न्हाई." हा आमचा एकमेव नियम होता.

बैठक व्हायची साडेनऊला, माधव नाश्त्याला गेला की. रऊफभाई थर्मासमधून बर्फाचे तीन खडे आणायचे, सुपारीएवढे. एकेक खडा, जिभेखाली ठेवायचा आणि बोलायचं नाही. ते वितळेपर्यंत बैठक. असलं स्वर्गसुख मला पुढं कशात मिळालं नाही. रमजानमध्ये रऊफभाई एकदा खडा हातात घेऊन रडायला लागले. डॉक्टरांनी रोजे धरायचे नाहीत म्हणून बजावलेलं. "चाळीस साल में पैली बार छूटे," म्हणाले. आप्पांनी जिभेखालचा बर्फ गालात सरकवला आणि म्हणाले, "येड्या, तुझा रोजा बाराही महिने चालूच हाय. तुझा हिशोब वरचा बघंल. खा बर्फ." रऊफभाईंनी डोळे पुसले आणि खडा तोंडात टाकला.

आता 'हवा'.

मशीनवर बसायच्या आधी काट्यावर उभं करतात. दोन पाळ्यांमध्ये जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी साचलं. माधव खाली वाकून आकडा वाचतो, वहीत लिहितो, आणि तेवढं पाणी काढायला मशीन लावतो. एक-दोन किलो असेल तर ठीक. चार किलो काढायचं म्हटलं की तिसऱ्या तासाला पायांत असे गोळे येतात की माणूस आईला हाका मारतो. बीपी पडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि घरी गेल्यावर तो दिवस खाटेवरच जातो. वर माधवचं बोलणं वेगळंच. "आप्पा, पाणी प्यालात. खरं सांगा किती प्यालात."

ही युक्ती आप्पांनी काढली. म्हाताऱ्या माणसाला काट्यावर चढताना कुणीतरी धरायला लागतंच. मी मागं उभी राहायचे आणि त्यांच्या कोपराखाली दोन बोटं ठेवायचे. माधव आकडा वाचायला वाकला की बोटांनी जरा वर उचलायचं, आणि आप्पा दुसऱ्या हातानं भिंतीला रेटायचे. किलो-दीड किलो सहज कमी. मशीनवरून उतरल्यावर परत वजन होतं, तेव्हा परत तसंच, म्हणजे हिशोब जुळतो. त्याचं नाव हवा. "कैचीबाई, जरा हवा द्या," आप्पा कानात म्हणायचे. मग मी रऊफभाईंना द्यायला लागले आणि रऊफभाई मला. माधवला वाटायचं या तिघांचं किती प्रेम आहे एकमेकांवर. तसं ते होतंही, म्हणून तर उचलत होतो.

मूर्खपणा होता, हे तेव्हाही कळत होतं. पाणी काट्यावर कमी झालं तरी अंगात तेवढंच राहतं. पण तुम्हाला खरं सांगते, तहानलेल्या माणसाला उद्याचं कळत नाही. आज गोळे आले नाहीत, आज बोलणं खावं लागलं नाही, एवढंच कळतं. आणि त्याहून एक गंमत होती, ती कबूल करते. अख्खा आठवडा आमच्या अंगाचं काय करायचं ते दुसरेच ठरवत होते. सुया कुठं टोचायच्या, काय खायचं, किती प्यायचं. त्या काट्यावरची दोन सेकंदं आमची होती.

मे महिन्याच्या सुरुवातीला रऊफभाई फुटले. त्या सोमवारी त्यांना मी चांगली दोन किलोची हवा दिली होती. अर्ध्या तासात त्यांना दम लागला. खुर्ची खाली करू देईनात, आडवं झालं की घुसमटायला व्हायचं. माधव धावला, ऑक्सिजन लावला, आणि रऊफभाईंनी त्याचा हात धरून सगळं सांगितलं. "वजन झूट है माधवभाई. दो किलो ज्यादा है. पानी निकालो." माझं आणि आप्पांचं नाव त्यांनी घेतलं नाही, एवढं इमान राखलं; माधवला वाटलं, ते एकटेच भिंतीला रेटत होते. माधवनं मशीन बदलून लावलं, तास वाढवला. दुपारी रऊफभाई स्वतःच्या पायांनी ऑटोत बसून घरी गेले.

आप्पा दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाहीत. बर्फ आला तरी तोंड खिडकीकडं. "सांगितलंच शेवटी," मला म्हणायचे. "तरी म्या सांगत व्हतो." मी म्हणाले, "अहो, जीव चालला होता त्यांचा." आप्पा म्हणाले, "सगळ्याच दुष्टांचा जीव चाललेला असतो बाई, म्हणूनच तर बोलतात." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच हात पुढं केला, बर्फ घेतला, आणि विषय मिटला. माझ्या मनात मात्र एक गोष्ट घट्ट बसली. रऊफभाईंनी तोंड उघडलं आणि आप्पांनी त्यांच्याकडं पाठ फिरवली. माझ्यावर ती पाळी येऊ नये, असं मला वाटलं. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि शाळेतल्या पोरीसारखं वाटलं.

आप्पांची नात पूजा, लातूरला मुलाकडं वाढलेली. आप्पांचा सगळा जीव तिच्यात होता. मुलगा डाळ मिलवर सुपरवायझर, घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढवेना म्हणून आप्पा आणि गंगाकाकू नांदेडला लेकीकडं येऊन राहिले होते. दोन वर्षं पूजाला आठवड्यातून एकदा फोनवर बघायचे. तिचं लग्न ठरलं, मे महिन्यातला शेवटचा रविवार, लातूरला. शनिवारी हळद. शुक्रवारी डायलिसिस करून दुपारच्या बसनं जायचं, रविवारी अक्षता टाकायच्या, सोमवारी पहाटे परत खुर्चीत. त्यांनी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. धोतराला इस्त्री करून ठेवलं होतं. मला रोज विचारायचे, "पिवळा फेटा बरा दिसंल का पांढरा?"

बुधवारी माधवनं त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरूनच येईना. माधव म्हणाला, "आप्पा, शुक्रवारी वाढ साडेतीन किलोच्या वर आली तर मी शनिवारी पण बसवणार. दोन दिवसांचा खाडा या सुजेत नको. लग्नाला शनिवारी दुपारी जा."

"हळद सकाळी हाय," आप्पा म्हणाले.

"हळद राहू द्या."

माधव गेल्यावर आप्पा म्हणाले, "लागोपाठ दोन दिवस मशीनवर बसलो की मला उभं राहवत न्हाई, तुमाला ठाव हाय. मग मांडवात मला कुठं ठेवतील? मागं, कुलरजवळ, खाटेवर. येणारे म्हणतील, हा पूजाचा आजा, लई आजारी हाय. मला खाटेवर न्हाई जायचं बाई. मला पोरीच्या मागं उभं राहायचंय, फेटा बांधून. एकदा."

रऊफभाई छताकडं बघत म्हणाले, "आप्पा, जान है तो जहान है." आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शुक्रवारी आप्पा काट्याकडं चालत आले तेव्हाच दारात एकदा थांबले, भिंतीला हात लावून. धाप होती. पायांच्या घोट्यांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ उठले होते. मला म्हणाले, "कैचीबाई, आज जरा जास्त हवा लागंल."

मी त्यांच्या कोपराखाली दोन बोटं नाही, अख्खा तळवा ठेवला. माधव वाकला आणि मी उचललं. त्यांचं कोपर माझ्या हातात किती जड होतं, ते मला आजही कळतं. काट्यावरच्या आकड्यानं वाढ तीन किलोच्या आतली दाखवली. माधवनं तो वाचला, परत वाचला. मग आप्पांच्या पायाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"ताई, वजन बरोबर आहे ना?"

तो मला विचारत होता. आप्पांना नाही, रऊफभाईंना नाही, मला. कारण मी सरकारी नोकरीतली, शिकलेली, कागद वाचणारी. माझ्यावर त्याचा विश्वास होता. रऊफभाई खुर्चीतून माझ्याकडं एकटक बघत होते. त्यांना मी काय बोलावं असं वाटत होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मला काय विचारता," मी म्हणाले, "काट्याला विचारा. मी काय काट्याची मालकीण आहे?"

माधव हसला. माझ्या जिभेची त्याला सवय होती. त्यानं आकडा लिहिला.

त्या दिवशी बैठकीत आप्पांनी स्वतःचा बर्फ खाल्ला नाही, मला दिला. "आज तुमचा मान," म्हणाले. रऊफभाईंनी थर्मासचं झाकण लावलं आणि डोळ्यांवर हात घेतला. पाळीभर ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रुसले. आता वाटतं, त्या खोलीत खरं माहीत असलेला तो एकच माणूस होता, कारण ती घुसमट त्यानं एकट्यानं बघितलेली होती.

सोमवारी सकाळी मधली खुर्ची रिकामी होती. माधव दोनदा दारापर्यंत जाऊन आला. सव्वासातला लेकीचा फोन आला. रविवारी दुपारी अक्षता पडल्या, आप्पा पूजाच्या मागं उभे होते, पिवळा फेटा बांधून, सगळा वेळ. संध्याकाळी पोरगी सासरी गेली आणि यांना दम लागला. आडवं करता येईना. खुर्चीत बसवूनच गाडीत घातलं, लातूरच्या दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. छातीत पाणी भरलं होतं.

मी माधवला सांगितलं. तिथंच, काट्याजवळ उभं राहून. बुधवारचं, शुक्रवारचं, वर्षभराचं, सगळं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो मास्क काढून स्टुलावर बसला. मग म्हणाला, "ताई, शनिवारी पहाटे साडेपाचला बसवला असता मी त्यांना. मशीन पण लावून ठेवलं होतं, डॉक्टरांना न विचारता. दुपारच्या गाडीनं पोचले असते की हो." एवढंच बोलला. उठला, हात धुतले आणि माझ्या सुया टोचल्या.

लिंगायतांमध्ये माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. आप्पांना अहमदपूरला नेलं. शेवटी त्यांना आडवं होता येत नव्हतं, बसूनच गेले, आणि बसवूनच ठेवले. ही गोष्ट माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

महिन्याभरानं गंगाकाकू वॉर्डात आल्या. हातात पिशवी, पिशवीत आप्पांची उरलेली आठ-दहा कॉमिकं, सगळी शेवटच्या पानाविना. "तुमाला देऊन टाका म्हणले व्हते," काकू म्हणाल्या. मग माझ्या सुया नसलेल्या हातावर हात ठेवून बसल्या. "माय, तुमी लोकांनी लई सांभाळलं त्यायला. एक सांगते. त्या शुक्रवारी मी म्हादेवाला साकडं घातलं व्हतं, वजन जास्त येऊ देऊ नको, हे हिरमुसले व्हतील. अन् बगा, कमीच आलं. देवानंच हात दिला. पोरीचं लगीन डोळ्यांनी बघून गेले."

रऊफभाईंनी माझ्याकडं बघितलं. माधव मशीनमागं होता, त्यानंही ऐकलं. माझ्या तोंडात शब्द आलेला होता. आयुष्यभर जिथं नको तिथं चाललेली ही जीभ, त्या दिवशी हलली नाही. काकू माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही. नियम पाळते म्हणून नाही. माझ्यात तेवढी हिंमत नाही म्हणून.

आता मधल्या खुर्चीत एक कंधारच्या बाई असतात. काट्यावर चढताना मी दोन्ही हात वर करून उभी राहते, पोलिसांनी पकडल्यासारखी. कुणाला धरू देत नाही. रऊफभाई बर्फ आणतात, दोन खडे. बैठक होत नाही.

आप्पांना मी शेवटचं बघितलं ते त्या शुक्रवारी, साडेअकराला. सुया काढल्यावर हाताला कापूस दाबून मी खिडकीत उभी होते. खाली दवाखान्याच्या पायऱ्या, पुढं रस्त्यावर ऑटो, ऑटोत काकू आणि बॅग. आप्पा कठड्याला धरून उतरत होते. तिसऱ्या पायरीवर थांबले, दम घेतला, आणि वर बघितलं. मी दिसले. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं आपल्याच डाव्या कोपराखाली लावली, कोपर जरासं वर उचललं, आणि दात नसलेलं तोंड उघडून हसले. मग माधवच्या खोलीकडं बोट दाखवून मूठ वर केली, त्यांच्या शेवटच्या पानांवरचे दुष्ट करत असतील तशी.

मीही खिडकीतून मूठ वर केली. आम्ही जिंकलो होतो.